नोव्हेलारा: पो नदीच्या सखल मैदानातलं गाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नोव्हेलारा हे उत्तर इटलीतलं, साधारण १४ हजार वस्तीचं गाव. व्हेनिस-फ्लोरेन्सच्या सहलीत ते येत नाही. भारतात त्याचं नाव ऐकू येतं ते तिथल्या गुरुद्वारामुळे, आणि मग प्रश्न सुरू होतात: पंजाबी माणसं तिथे का गेली, पार्मिजानो रेज्जानो चीज तिथलंच का, गावातला किल्ला कुणाचा? आमचं मत असं की या गावाचा इतिहास राजघराण्यापासून वाचायला घेतला तर अर्धाच कळतो. आधी पाणी समजून घ्यावं, मग दूध. बाकीचं बरंचसं त्या दोन्हींच्या मागोमाग आलं आहे.

नोव्हेलारा नेमकं कुठे आहे?

एमिलिया-रोमान्या प्रांतात, रेज्जो एमिलिया शहराच्या उत्तरेला २० किलोमीटरच्या आत. समुद्रसपाटीपासूनची उंची जेमतेम २४ मीटर. दक्षिणेला आपेनिनो डोंगर, उत्तरेला पो नदी, आणि मधला हा सपाट पट्टा. स्थानिक लोक त्याला ‘बास्सा’ म्हणतात. आसपासची ग्वास्ताल्ला, ग्वाल्तिएरी, लुझ्झारा, ब्रेशेल्लो ही गावंही याच पट्ट्यातली. रस्ते सरळ, कालव्यांच्या कडेने जाणारे. चढ लागलाच तर तो कालव्यावरच्या पुलाचा. म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट सगळे सायकलवर दिसतात.

इतकी सुपीक जमीन, मग पूर्वी ती पाण्याखाली का असायची?

डोंगरातून येणाऱ्या नद्या गाळ आणतात. मैदानात उतार संपला की गाळ पात्रातच बसतो आणि पात्र वर येत जातं. पूर येऊ नये म्हणून दोन्ही काठांना बांध घातले की गाळाला बाहेर पसरायला जागा उरत नाही, त्यामुळे पात्र आणखी उंचावतं. शेवटी नदी शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागते आणि दोन नद्यांमधली जमीन खोलगट राहते. पावसाचं पाणी त्या खोलगटीत उतरतं. नदीच उंचावर, मग ते तिच्यात जाणार कसं? नोव्हेलाराच्या आजूबाजूची दलदल अशी तयार झाली होती. मासे, बदकं, लव्हाळी भरपूर, आणि हिवताप.

यावरचा पहिला मोठा उपाय सोळाव्या शतकात ग्वाल्तिएरीच्या कोर्नेलिओ बेन्तिव्होल्यो याने केला. वाटेत आडवी येणारी क्रोस्तोलो नदी उंचावर होती. तिच्या पात्राखालून विटांचा बोगदा काढून दलदलीचं पाणी पलीकडे नेलं. ‘बोत्ते बेन्तिव्होल्यो’ या नावाने ओळखलं जाणारं हे काम १५७६ सालचं. वर नदी, खाली सांडपाट, आणि दोन्ही पाणी एकमेकांत न मिसळता आपापल्या वाटेने जातं. पंप नसलेल्या काळात हे साधलं, याचं कौतुक करावं तेवढं थोडं.

तरी एक अडचण उरली. पो नदी फुगली की उताराने जाणारं पाणीही बाहेर पडू शकत नाही, उलट मागे येतं. त्यावर खरा तोडगा विसाव्या शतकात मोठे पंप आल्यावर निघाला. आज तेच कालवे दोन कामं करतात. हिवाळा-वसंतात पावसाचं पाणी शेतातून बाहेर काढतात. उन्हाळ्यात बोरेत्तो इथे पो नदीतून उचललेलं पाणी शेतांना देतात. ही व्यवस्था एक जलनियमन संघ पाहतो आणि तिचा खर्च लाभक्षेत्रातल्या जमीनमालकांकडून दरवर्षी पट्टीच्या रूपाने घेतला जातो. पंप थांबले तर सखल शेतं पुन्हा पाण्यात जातील, हे इथे प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक असतं.

पो नदीला पूर आला की बांध कसा राखतात?

बांधावरून पाणी उलटून जाईल ही भीती असतेच, पण तितकाच धोका बांधाखालून असतो. नदीची पातळी वाढली की दाबाने पाणी बांधाच्या तळाखालच्या वाळूतून झिरपतं आणि आतल्या बाजूला, शेतात किंवा चक्क अंगणात, उमाळ्यासारखं वर येतं.

उमाळ्याचं पाणी स्वच्छ असेल तर काळजी कमी. गढूळ असेल, भोवती वाळूची वर्तुळाकार ढेरी जमत असेल, तर बांधाखालची माती वाहून येते आहे असा त्याचा अर्थ. वेळीच आवरलं नाही तर आत पोकळी वाढत जाते आणि बांध खचतो.

अशा वेळी नवखा माणूस काय करतो, तर भोकावर माती टाकून ते बुजवायला जातो. तसं करू नये. दाब कायम असतो, पाणी बाजूला दुसरीकडे फुटतं. योग्य रीत अशी: उमाळ्याभोवती वाळूच्या पोत्यांचं गोल कडं रचायचं, पोती विटांसारखी सांधे चुकवून लावायची, आणि आत पाणी चढू द्यायचं. आतली पातळी वाढली की बाहेरच्या आणि आतल्या दाबातला फरक कमी होतो, प्रवाह मंदावतो आणि वाळू येणं थांबतं. पाणी निवळ येऊ लागलं की कडं आणखी उंच करायचं नाही. वरून थोडं वाहू द्यायचं. मग रात्रभर पहारा. बांधावर पाळीपाळीने कंदील-टॉर्च घेऊन फिरणं ही या पट्ट्यातली पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. बांधात बिळं करणारे साळिंदर आणि बिज्जूसारखे प्राणी तिथे नको असतात, तेही याच कारणाने.

इथले गोंझागा म्हणजे मांतोव्हाचेच का?

गोंझागा म्हणजे मांतोव्हा शहरावर राज्य करणारं राजघराणं. इथलं घराणं तेच, शाखा वेगळी. फेल्त्रिनो गोंझागाच्या हातून १३७१ मध्ये रेज्जो शहर गेलं, पण नोव्हेलारा आणि शेजारचं बान्योलो त्याने राखलं. तिथपासून १७२८ पर्यंत, म्हणजे साडेतीनशे वर्षांहून अधिक काळ, त्याच्या वंशजांनी या चिमुकल्या जहागिरीवर राज्य केलं. मांतोव्हाची मुख्य गादी त्याआधीच, १७०८ मध्ये, गेली होती. सगळ्या बाजूंनी मोठी राज्यं असताना एवढं टिकणं सोपं नव्हतं. लग्नसंबंध, पवित्र रोमन सम्राटाशी निष्ठा आणि कुणाच्याही फार डोळ्यांवर न येणं, एवढ्या भांडवलावर त्यांनी ते निभावलं.

शेवटचा काउंट फिलिप्पो आल्फोन्सो १७२८ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची बहीण रिच्चार्दा मास्साच्या ड्यूकला दिली होती. तिने हक्क सांगितला, पण सम्राटाने १७३७ मध्ये ही जहागीर मोदेनाच्या एस्ते घराण्याला दिली. पुढे रिच्चार्दाची मुलगी मारिया तेरेझा हिचं लग्न त्याच एस्ते घराण्याच्या वारसाशी, एर्कोले तिसऱ्याशी, झालं. त्यानंतर नेपोलियनचा काळ, पुन्हा मोदेनाचे ड्यूक आणि अखेर एकत्रित इटली. इटलीचा हिरवा-पांढरा-लाल झेंडा पहिल्यांदा स्वीकारला गेला तो ७ जानेवारी १७९७ रोजी, रेज्जो शहरात.

गावातल्या किल्ल्यात, रोक्कात, काय पाहावं?

रोक्का हा गोंझागांचा किल्ला आणि नंतरचा वाडा. आज तिथेच नगरपालिकेची कचेरी, संग्रहालय आणि नाट्यगृह आहे. जन्मदाखला काढायला आलेला माणूस आणि भित्तिचित्रं पाहायला आलेला माणूस एकाच दारातून आत जातात. जुनी वास्तू वापरात ठेवली की ती टिकते, असं आम्हांला मनापासून वाटतं, आणि रोक्का त्याचा चांगला दाखला आहे.

गोंझागा संग्रहालयात भिंतींवरून उतरवून जपलेली जुनी भित्तिचित्रं आहेत, पण वेळ कमी असेल तर औषधांच्या बरण्या चुकवू नका. जेझुइट या ख्रिस्ती धर्मसंघाच्या औषधालयातल्या या चकचकीत, रंगवलेल्या मातीच्या बरण्या आहेत. प्रत्येक बरणीवर आतल्या औषधाचं नाव लॅटिनमध्ये रंगवलेलं. आकारावरूनही आत काय होतं ते ओळखता येतं: चोच असलेल्या बरण्या पातळ अर्क-काढ्यांसाठी, कमरेत किंचित निमुळत्या उभट बरण्या लेह-मलमांसाठी. फळीवर खेटून लावलेल्या बरण्यांतून हवी ती कमरेत धरून ओढता यावी म्हणून ती निमुळती कंबर.

नाट्यगृह एकोणिसाव्या शतकातलं आहे आणि त्याला नोव्हेलारात जन्मलेले ऑपेरा गायक फ्रांको ताल्याव्हिनी यांचं नाव दिलं आहे. पोटमाळ्यावर गावाचं स्वतःचं व्हिनेगर मुरत असतं, त्याबद्दल पुढे.

लेलिओ ओर्सी कोण?

गावचा चित्रकार. जन्म १५०८ ते १५११ च्या दरम्यान, मृत्यू १५८७ मध्ये नोव्हेलारातच. उमेदीची वर्षं रेज्जोत गेली. १५४६ मध्ये एका खुनाच्या प्रकरणात नाव आल्याने शहरातून हद्दपार झाला आणि गोंझागांच्या आश्रयाला आला. गोंझागांसाठी त्याने वाडे रंगवलेच, शिवाय इमारतींच्या आराखड्यांतही त्याचा हात होता. शेजारच्या कोर्रेज्जो गावच्या महान चित्रकाराचा मऊ प्रकाश आणि मायकेलअँजेलोची पिळदार शरीरं, दोन्ही त्याच्यात एकत्र भेटतात.

त्याचं काम कमी दिसतं, कारण त्याने बरंच काम घरांच्या दर्शनी भिंतींवर केलं. धुकं, ओल आणि गोठण यांपुढे बाहेरचं भित्तिचित्र या हवेत टिकत नाही. कागदावरची रेखाटनं मात्र उरली. बायबलमधल्या एम्माउसच्या वाटेवर निघालेल्या तिघा प्रवाशांचं त्याचं रात्रीचं चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे.

पार्मिजानो रेज्जानो चीज इथेच का होतं आणि कसं करतात?

या नावाचं चीज फक्त पार्मा, रेज्जो एमिलिया, मोदेना हे जिल्हे, रेनो नदीच्या डाव्या काठचा बोलोन्या आणि पो नदीच्या उजव्या काठचा मांतोव्हा एवढ्याच भागात करता येतं. नोव्हेलारा त्याच्या मधोमध. आटवलेल्या दलदलीच्या जड, ओल धरणाऱ्या जमिनीत लसूणघास आणि गवत उत्तम येतं, आणि गवत आलं की गाई आल्या.

हे चीज मोठ्या गोल लाद्यांच्या रूपात करतात, त्यांना चाक म्हणतात. एका चाकाला साधारण ५५० लिटर दूध लागतं आणि मुरलेलं चाक ४० किलोच्या आसपास भरतं. म्हणजे किलोमागे १४ लिटर.

संध्याकाळच्या धारेचं दूध रुंद, उथळ टाक्यांत रात्रभर ठेवतात. सकाळपर्यंत साय वर येते. ती बाजूला करून खालचं दूध तांब्याच्या, खाली निमुळत्या होत गेलेल्या मोठ्या कढईत घेतात आणि त्यात सकाळच्या धारेचं सबंध दूध मिसळतात. एका कढईत साधारण ११०० लिटर, म्हणजे दोन चाकांचं दूध. त्यात आदल्या दिवशीची आंबवलेली निवळी विरजण म्हणून घालतात, मग दूध गोठवणारं, वासराच्या जठरातलं रेनेट. दहाएक मिनिटांत दूध गोठतं. तारांच्या गोलाकार अवजाराने ते फोडून कण तांदळाच्या दाण्याएवढे करतात आणि ढवळत ढवळत तापमान ५५ अंशांपर्यंत नेतात. आच बंद केल्यावर कण तळाशी बसून त्यांचा एक गोळा होतो. तो पाऊण-एक तास तसाच ठेवतात. नंतर लाकडी फावड्याने सैल करून तागाच्या कापडात उचलतात आणि सुरीने त्याचे दोन भाग करतात.

पुढे साच्यात दोन-तीन दिवस. याच वेळी ठिपक्यांची अक्षरं आणि डेअरीचा क्रमांक कडेवर उमटतो. नंतर अडीच-तीन आठवडे मिठाच्या संपृक्त पाण्यात, आणि मग फळीवर कमीत कमी १२ महिने. या काळात चाकं नियमित उलटायची आणि पुसायची असतात. नाहीतर खालच्या बाजूला ओल धरून कवच खराब होतं.

बारा महिन्यांनी तपासनीस छोटी हातोडी घेऊन येतो. चाकावर जागोजाग ठोकून आवाज ऐकतो. आवाज सगळीकडे सारखा, भरीव आला तर पास. कुठे पोकळ, बोदा लागला तर आत भेग किंवा पोकळी. पास झालेल्या चाकावर डागून शिक्का उमटवतात. थोडा दोष असलेल्या चाकाच्या कडेवर आडव्या समांतर रेघा पाडतात, म्हणजे ते लवकर खायचं. नापास चाकाच्या कवचावरची अक्षरं खरवडून टाकतात. ते त्या नावाने विकता येत नाही.

चाक बिघडतं ते कशामुळे?

मोठं कारण चाऱ्यात असतं. या गाईंना मुरघास (हवाबंद मुरवलेला ओला चारा) द्यायला बंदी आहे. मुरघासात क्लॉस्ट्रिडियम जातीच्या जिवाणूंचे बीजाणू वाढतात, शेणातून कासेला आणि कासेतून दुधाला लागतात. ५५ अंशांची आच त्यांना मारत नाही. चीज मुरू लागल्यावर काही महिन्यांनी ते जागे होतात, वायू तयार करतात, आणि चाक फुगून आतून फाटतं, वासही बिघडतो. ग्राना पादानो या भावंड चीजमध्ये यावर उपाय म्हणून अंड्यातलं लायसोझाइम घालायला परवानगी आहे. पार्मिजानोत असं काहीही घालता येत नाही. म्हणून सारी भिस्त कोरड्या चाऱ्यावर आणि गोठ्याच्या स्वच्छतेवर. रात्रभर साय वर येऊ देण्याचा एक फायदाही इथेच: सायीबरोबर पुष्कळसे बीजाणू वर येतात आणि तिच्यासोबत निघून जातात.

दुसरा नियम तापमानाचा. दूध १८ अंशांखाली थंड करता येत नाही, आणि धार संपल्यावर दोन तासांच्या आत ते डेअरीत पोचलं पाहिजे. फार थंड केलं तर दुधातल्या उपयोगी जिवाणूंची जागा थंडीत वाढणारे नको ते जिवाणू घेतात. म्हणजे चार दिवसांचं दूध साठवून एकदम चीज करणं इथे शक्यच नाही. रविवार असो, नाताळ असो, दोन्ही वेळा धार काढायची आणि रोज कढई चढवायची.

मे २०१२ च्या भूकंपाने मात्र वेगळंच संकट आणलं. कोठारांतल्या १०-१२ मीटर उंचीच्या फळ्या पत्त्यांसारख्या कोसळल्या आणि या साऱ्या भागात मिळून लाखो चाकं जमिनीवर आली. तडे गेलेल्या चाकात बुरशी शिरते, म्हणून ती तातडीने वेगळी काढून विकावी लागली. लोकांनी ती मुद्दाम विकत घेतली.

हे चीज शाकाहारी आहे का?

नाही. वासराचं रेनेट नियमानेच सक्तीचं आहे, त्यामुळे खऱ्या पार्मिजानो रेज्जानोची शाकाहारी आवृत्ती असू शकत नाही. भारतात ‘व्हेज पार्मेसान’ म्हणून मिळतं ते सूक्ष्मजीवजन्य रेनेटने केलेलं दुसरं चीज. इटलीत शाकाहारी म्हणून जेवण मागितलं तरी वरून हे किसून येतंच. नको असेल तर चीज नको हे वेगळं सांगावं लागतं.

मग पंजाबी माणसं इथे कशी आली?

त्या रोजच्या दोन धारांमुळे. १९८० च्या दशकात इथले जुने गुराखी निवृत्त होऊ लागले आणि त्यांची मुलं कारखान्यांकडे वळली. पहाटे तीन-चारला उठायचं, सुट्टी नाही, अंगाला शेणाचा वास. कुणी तयार होईना. त्याच सुमारास पंजाबातून आलेल्या तरुणांना काम हवं होतं आणि बहुतेकांच्या घरी गाई-म्हशी होत्या. गाय लंगडते आहे, रवंथ करत नाही, कास गरम लागते आहे, हे त्यांना शिकवावं लागलं नाही.

दुसरं कारण घराचं. गोठ्याच्या कामाबरोबर शेतावरच राहायला घर मिळत असे. इटलीत कुटुंबाला बोलावून घ्यायचं तर कायदेशीर नोकरी आणि पुरेसं घर, दोन्ही दाखवावं लागतं. शहरात हॉटेलात काम करणाऱ्याला घर मिळवताना नाकी नऊ येतात. गोठ्यावरच्या माणसाकडे दोन्ही गोष्टी तयार होत्या. १९९० च्या कायद्याने आधीपासून आलेल्या अनेकांना कागदपत्रं मिळवून दिली. बायका-मुलं आली, शाळेत गेली, आणि वस्ती स्थिर झाली. आज पो खोऱ्यातल्या गोठ्यांत शीख कामगार नसतील तर दुधाचा हा गाडा चालणं कठीण आहे. इतक्या मोठ्या कामाचं श्रेय चीजच्या वेष्टनावर कुठेच नसतं, ही खंत वाटण्यासारखी गोष्ट आहे.

गुरुद्वाराबद्दल सांगा. मराठी माणसाने तिथे का जावं?

गुरुद्वारा सिंग सभा २००० साली सुरू झाला. उद्घाटनाला युरोपीय आयोगाचे तेव्हाचे अध्यक्ष रोमानो प्रोदी आले होते. ते स्वतः रेज्जो जिल्ह्यातले. युरोपातल्या मोठ्या गुरुद्वारांत याची गणना होते. एप्रिलमध्ये वैसाखीच्या सुमारास गावातून नगरकीर्तन निघतं, आणि उत्तर इटलीभरातून शीख कुटुंबं येतात.

कुणीही जाऊ शकतं. पादत्राणं बाहेर, हातपाय धुवायचे, डोकं झाकायचं. तंबाखू, सिगारेट, दारू आवारात नेऊ नये. खिशातलं सिगारेटचं पाकीटसुद्धा बाहेर ठेवावं. लंगर शाकाहारी असतो, जमिनीवर पंगतीत बसून. पानात घेतलेलं टाकू नये, आणि शक्य असेल तर नंतर भांडी घासायला हात लावावा.

मराठी माणसाचं नातं अगदी थेट आहे. गुरू ग्रंथसाहिबात संत नामदेवांची ६१ पदं आहेत. नामदेवांनी पंजाबात जिथे वास्तव्य केलं त्या घुमानला २०१५ मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. शिवाय दहावे गुरू गोविंदसिंगजींचं अखेरचं स्थान, हुजूर साहिब, आपल्या नांदेडला. “नांदेडजवळचे” एवढं सांगितलं तरी लंगरात चहाचा दुसरा पेला हातात येतो.

कृपाणाबद्दल एक सूचना. इटलीच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये, मांतोव्हाजवळच्या गोइतो इथल्या खटल्यात, सार्वजनिक ठिकाणी कृपाण बाळगण्यास नकार देणारा निकाल दिला. अमृतधारी, म्हणजे दीक्षा घेतलेल्या, शीख प्रवाशांनी निघण्यापूर्वी सद्यस्थितीची चौकशी करावी.

पोटमाळ्यावरचं व्हिनेगर काय प्रकार आहे?

रेज्जो एमिलियाचं पारंपरिक बाल्सामिक. त्यात फक्त एकच गोष्ट असते: उघड्या भांड्यात मंद आचेवर आटवलेला द्राक्षरस. तो ओक, चेस्टनट, चेरी, तुती, जुनिपर अशा वेगवेगळ्या लाकडांच्या, क्रमाने लहान होत जाणाऱ्या पिंपांच्या रांगेत मुरतो. वर्षातून एकदा सर्वांत लहान पिंपातून थोडं काढायचं, त्याची भर त्याच्या वरच्या आकाराच्या पिंपातून करायची, त्याची पुढच्यातून, आणि सर्वांत मोठ्या पिंपात नवा रस. कमीत कमी १२ वर्षं. सोनेरी लेबल असेल तर २५ वर्षं तरी.

तळघर न निवडता पोटमाळा निवडतात, कारण उन्हाळ्याची उष्णता पाणी उडवते आणि आंबवण चालवते, हिवाळ्याची थंडी गाळ खाली बसवते. पिंपाचं तोंड कापडानेच झाकायचं. घट्ट बूच मारलं तर हवा मिळत नाही आणि आंबटपणा धरत नाही. रस जास्त आटवला तर पुढे साखरेचे खडे धरतात.

विकत घेताना बाटली पाहा. पारंपरिक प्रकार फक्त १०० मिलिलिटरच्या ठरावीक बाटलीत मिळतो आणि महाग असतो. अर्ध्या लिटरची स्वस्त बाटली म्हणजे वाइन-व्हिनेगर मिसळलेला वेगळा प्रकार; सॅलडला उत्तम, पण त्याला हा इतिहास नाही. पारंपरिक व्हिनेगर शिजवू नका. पार्मिजानोच्या तुकड्यावर किंवा स्ट्रॉबेरीवर दोन-चार थेंब पुरतात.

इथला एखादा पदार्थ घरी करता येईल का?

एर्बाझ्झोने करा. दोन पोळ्यांमध्ये पालेभाजी भरून भाजलेला हा चपटा पदार्थ रेज्जो भागात सकाळी न्याहारीलाही खातात.

३०० ग्रॅम मैदा, ५० ग्रॅम चरबी (तिथे डुकराची, आपल्याकडे लोणी किंवा ऑलिव्ह तेल), चिमूटभर मीठ आणि साधारण १४० मिलिलिटर कोमट पाणी यांची मऊ कणीक मळून अर्धा तास झाकून ठेवा. सारणासाठी एक किलो पालक किंवा चार्ड वाफवून, गार करून, पिळा. कांदापात आणि लसूण तेलावर परता, भाजी घालून पाणी पूर्ण आटेपर्यंत परतत राहा. गार झाल्यावर १५० ग्रॅम किसलेलं चीज मिसळा. मीठ शेवटी, चाखूनच; चीज खारट असतं. मूळ कृतीत बेकनसारखं पान्चेत्ताही पडतं.

कणकेचे दोन भाग करा, एक थोडा मोठा. दोन मिलिमीटर जाड लाटा. मोठी पोळी ३० सेंटिमीटरच्या थाळ्यात, वर सारण एक-दीड सेंटिमीटर, वर दुसरी पोळी मुद्दाम सुरकुत्या पडतील अशी सैल. कडा दुमडून दाबा, काट्याने टोचा, तेलाचा हात फिरवा आणि २०० अंशांवर ३० ते ३५ मिनिटं भाजा.

बिघडतं ते बहुतेक वेळा पालेभाजी नीट न पिळल्याने. मग खालची पोळी गिचगिचीत राहते. पिळलेली भाजी मुठीत दाबल्यावर थेंबही पडता कामा नये. सारण गरम असतानाच भरलं तरीही हेच होतं.

इथला दुसरा लाडका पदार्थ म्हणजे लाल भोपळ्याचे तोर्तेल्ली, म्हणजे सारण भरलेला पास्ता. भोपळा उकडू नका, ओव्हनमध्ये भाजा, कारण उकडलेला पाणी धरतो. आणि उन्हाळ्यात कलिंगडं: रेज्जोच्या कलिंगडाला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे.

गावात आउगुस्तो दाओलिओचं नाव जागोजाग का दिसतं?

१९६३ मध्ये सुरू झालेल्या ‘नोमादी’ या वाद्यवृंदाचा तो गायक. जन्म नोव्हेलारात, १९४७. कर्करोगाने १९९२ मध्ये गेला. चित्रंही काढायचा. दर फेब्रुवारीत त्याच्या स्मरणार्थ गावात कार्यक्रम होतो आणि देशभरातून चाहते येतात. त्या दिवसांत मुक्कामाची खोली आधी ठरवावी.

कसं जावं, कधी जावं?

मिलान किंवा बोलोन्याहून वेगवान गाडीने रेज्जो एमिलियाच्या मेदिओपादाना स्थानकावर उतरा. तिथूनच ग्वास्ताल्लाकडे जाणारी छोटी स्थानिक गाडी नोव्हेलारात थांबते. रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी गाड्या कमी असतात, त्यामुळे परतीची वेळ आधी पाहून ठेवा.

एप्रिल-मे आणि सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दमट उकाडा आणि संध्याकाळी डासांचे थवे. लांब बाह्यांचे कपडे न्या. नोव्हेंबर ते जानेवारी धुकं इतकं दाट की समोरचा सायकलस्वार दिसत नाही, तेव्हा गाडी चालवण्याचा हट्ट नको.

चीज होताना पाहायचं असेल तर सकाळी आठच्या सुमारास डेअरीत पोचायला हवं, कारण दहा-साडेदहापर्यंत कढया रिकाम्या होतात. भेट आधी ठरवल्याशिवाय आत घेत नाहीत. त्यानंतर रोक्का आणि चौकातल्या कमानी, दुपारी गुरुद्वारा, आणि दुसरा दिवस हाताशी असेल तर सायकल घेऊन कालव्याकाठाने ग्वाल्तिएरीपर्यंत जा, बोत्ते बेन्तिव्होल्यो पाहायला. संग्रहालय रोज उघडं नसतं. नगरपालिकेच्या संकेतस्थळावर वेळा पाहूनच दिवस ठरवा.